नळ आले की काय करायचं: मराठवाड्यात नव्यानं घर मांडणाऱ्यांसाठी

लातुरात खोली बघायला आलेलं पोरगं आधी वायफाय विचारतं. त्याचे वडील भाडं विचारतात. आई बीड-धाराशिवकडची असेल तर ती मोरीत डोकावते, तोटी सोडून बघते आणि विचारते, "नळ कितव्या दिवशी येतात?" कोकणातल्या, पुण्याकडच्या आया हे विचारत नाहीत. मग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात विषय मलाच काढावा लागतो.

आमच्या वरच्या मजल्यावर चार खोल्या आहेत. अकरावी-बारावीची, नीटची तयारी करणारी मुलं राहतात. दर वर्षी नवी मुलं येतात आणि दर वर्षी मी तीच टेप लावते. यंदा म्हटलं, लिहूनच काढावं. खोलीवरच्या मुलांना उपयोगी पडेल, बदलीवर जालन्याला किंवा परभणीला आलेल्या जोडप्याला पडेल, आणि सासरी येऊन पहिल्यांदाच नळाच्या पाळीवर संसार करणाऱ्या सुनेलाही पडेल. गाव बदललं की पाळी बदलते, कुठं चार दिवसांनी, कुठं आठ, कुठं त्याहून जास्त. घरातल्या खोडी मात्र सगळीकडं सारख्याच.

आधी एक सांगते, बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. आमच्याकडच्या घरांत सगळ्यात जास्त पाणी वाया जातं ते नळ येतात त्या दिवशी. टंचाईत आपण शहाणेच असतो. २०१६ च्या मार्चमध्ये इथं पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणायला लागली. तेव्हा आमच्या गल्लीत भाजी धुतलेल्या पाण्याचा थेंबही वाया जात नव्हता. त्याच पावसाळ्याच्या शेवटी मांजरा धरण भरलं आणि दिवाळीत सगळी गल्ली पाइप लावून गाड्या धूत होती. मीही त्यात होते, खोटं कशाला बोलू.

म्हणून खाली जे सांगते आहे ते 'पाणी नसेल तेव्हा कसं भागवायचं' याबद्दल कमी आणि 'पाणी आलं की काय करायचं' याबद्दल जास्त आहे.

पहिलं काम: घर ओळखा

सामान लावायच्या आधी घरमालकाला घेऊन एक चक्कर मारा. कोणत्या तोटीला नळाचं पाणी आणि कोणत्या तोटीला बोअरचं, हे विचारा. बऱ्याच घरांत दोन वेगळ्या लाइनी असतात आणि नवीन माणूस महिनाभर बोअरच्या पाण्यात डाळ शिजवत बसतो. डाळ शिजत नाही, कुकरला पांढरा थर धरतो, आणि दोष जातो डाळीला. आमच्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात. ते संडासाला, फरशीला, अंगणाला ठेवा. नळाचं पाणी स्वयंपाकाला आणि कपड्यांना.

दुसरं, मुख्य व्हॉल्व्ह कुठं आहे ते बघा आणि स्वतःच्या हातानं एकदा बंद करून बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह गंजून बसतो. रात्री अकरा वाजता पाइप फुटल्यावर हे कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

तिसरं, गच्चीवर जाऊन टाकी किती लिटरची आहे ते वाचा. पाचशे, साडेसातशे, हजार असं टाकीवरच लिहिलेलं असतं. जमिनीतला हौद असेल तर टेप घेऊन मोजा. लांबी, रुंदी, खोली फुटांत घ्या, गुणाकार करा आणि २८.३ नं गुणा, म्हणजे लिटर निघतात. आमचा हौद आठ बाय सहा, पाच फूट खोल. म्हणजे साधारण ६,८०० लिटर. एक फूट पाणी म्हणजे १,३५८ लिटर. मी भिंतीवर आतून ऑइल पेंटनं फुटाफुटाला रेघ मारून घेतली आहे.

या रेघेचा उपयोग टँकरच्या दिवशी होतो. पाच हजारांचा टँकर आमच्या हौदात पावणेचार फुटांच्या जवळ चढायला पाहिजे. एका उन्हाळ्यात तो जेमतेम पावणेतीन फूट चढला. मी टँकरवाल्या दादाला रेघ दाखवली. तो म्हणाला, "ताई, रस्त्यात हिंदकाळलं." हजार लिटरच्या वर हिंदकाळलं! पैसे तेवढे कमी दिले, आणि पुढच्या खेपेला पाणी रेघेपर्यंत बरोबर आलं. रेघ मारायला अर्धा तास लागतो.

दुसरं काम: एक दिवस मोजा

वही काढा. घरातल्या बादलीत लिटरच्या बाटलीनं पाणी ओतून बघा ती कितीची आहे. दुकानदार वीस म्हणतो ती बऱ्याचदा सोळाची निघते. मग फक्त एक दिवस सगळं बादलीनंच वापरा आणि प्रत्येक बादलीला एक रेघ ओढा. रविवार नको, त्या दिवशी कपडे आणि केस दोन्ही असतात, आकडा फुगतो.

आमच्या घरचा हिशोब माणशी असा बसतो: पिणं आणि स्वयंपाक ६ लिटर, अंघोळ १८, संडास १८, भांडी १०, कपडे १२, फरशी-किरकोळ ६. एकूण ७०. तुलनेला सांगते, जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरतात आणि शहराची पाणी योजना आखताना १३५ लिटर. आम्ही मधे कुठंतरी आहोत, आणि कुणी अंघोळीवाचून राहत नाही.

आता गुणाकार करा. चार माणसं, माणशी ७० लिटर, आठ दिवसांची पाळी: २,२४० लिटर. वर दोन दिवसांचं जास्तीचं धरा, कारण पाइपलाइन फुटते, वीज जाते, पाळी पुढं ढकलली जाते. म्हणजे २,८०० लिटर. तुमच्याकडं हजाराची टाकी आणि दोनशेचं एक टिपाड, म्हणजे ड्रम, असेल तर एकतर साठवण वाढवा, नाहीतर खर्च उतरवा, नाहीतर पाचव्या दिवशी शेजारी बादली घेऊन जायची तयारी ठेवा. हा हिशोब भाडं ठरवण्याआधी केला तर उत्तमच.

गेल्या वर्षीची गोष्ट. रत्नागिरीकडचा एक मुलगा, फार गुणी पोरगं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली आला.

"काकू, पाणी गेलं."

"गेलं कुठं? सोमवारीच तर टाकी भरलीय."

"मग परत कधी येणार?"

"पुढच्या मंगळवारी."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. दात घासताना तोटी चालू, दाढी करताना तोटी चालू, एवढंच त्याचं चुकत होतं. तोटीखाली बादली ठेवून मी त्याला घड्याळ लावायला सांगितलं. एका मिनिटात सात लिटर. चार मिनिटं दात घासले तर अठ्ठावीस. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच बेसिनवर तांब्या आणून ठेवला.

तिसरं काम: नळाच्या दिवसाची तयारी

हा भाग नीट वाचा.

आमच्याकडं नळ आले की घरातल्या बायका आधी काय करतात? 'शिळं' पाणी ओततात. टिपाड पालथं, घागरी पालथ्या, माठ पालथा. सगळं मोरीत. मग भांडी घासून ताजं पाणी भरायचं. माझ्या सासूबाई आयुष्यभर हेच करत आल्या आणि मीही पंधरा वर्षं केलं. एकदा मोजलं: टिपाडात दीडशे-दोनशे लिटर उरलेलं, वर चार घागरी. सरासरी २६० लिटर. आठ दिवसांची पाळी धरली तर वर्षात पंचेचाळीस वेळा नळ येतात. ११,७०० लिटर झाले. पाच हजारांचे दोन टँकर भरून वर पाणी उरतं, तेवढं आम्ही स्वच्छतेच्या नावाखाली गटारात घालत होतो आणि मे महिन्यात टँकरला पैसे मोजत होतो.

पाणी भाकरीसारखं शिळं होत नाही. झाकलेलं असेल, त्यात हात बुडवला नसेल, तर आठ दिवसांचं पाणी कपड्याला, फरशीला, संडासाला अगदी चांगलं असतं. फक्त ते पिऊ नका, कारण त्यातला क्लोरिनचा असर उतरलेला असतो. तेव्हा ओतायचंच असेल तर त्याचं काम आधी ठरवा.

आमच्याकडं आता असं चालतं. पाळीच्या आदल्या दिवशी जेवढं पाणी उरलंय तेवढ्यात चादरी, पडदे, पायपुसणी भिजवायची. घर पुसायचं. संडासाच्या दोन बादल्या भरून ठेवायच्या. कुलर असेल तर त्यात ओतायचं. रात्रीपर्यंत टिपाड रिकामं होतं, मग तळाच्या तांब्याभर पाण्यात ते घासायचं आणि पालथं घालून कोरडं करायचं. सकाळी नळ येतात तेव्हा भांडी तयार असतात आणि पहिली पंधरा मिनिटं ओतण्या-घासण्यात जात नाहीत. पाळी तासाभराची असते तिथं पंधरा मिनिटं म्हणजे पाव पाणी.

पहिलं पाणी गढूळ येतं, बरोबर आहे. तेही सोडून देऊ नका. पहिल्या तीन-चार बादल्या संडासासाठी बाजूला काढा, पाणी निवळलं की पाइप हौदात टाका.

भरायचा क्रमही ठरलेला असावा: आधी पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, मग हौद किंवा टाकी, शेवटी टिपाड. प्रेशर मधेच गेलं तर निदान पिण्याचं पदरात पडलेलं असतं.

टाकी वाहून जाणं हा दुसरा मोठा गुन्हा. हौदाच्या नळाला फुगा, म्हणजे बॉलकॉक, बसवा. वरच्या टाकीला अलार्म लावा. "पाण्याची टाकी भरली आहे, कृपया मोटर बंद करा" असं ओरडणारा तो डबा दोन-तीनशे रुपयांत इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. त्याचा आवाज वैताग आणतो हे मान्य, पण तोच त्याचा गुण आहे. सगळी गल्ली जागी होते आणि लाजेकाजेस्तव माणूस मोटर बंद करतो.

टिल्लू मोटरबद्दल दोन शब्द. नळाला थेट टिल्लू लावून पाणी ओढणारे प्रत्येक गल्लीत आहेत आणि नवीन भाडेकरूला "तुम्ही पण घ्या, नाहीतर पाणीच मिळणार नाही" असा सल्ला मिळतोच. घेऊ नका. ते बेकायदा आहे, शेवटच्या घराला थेंब मिळत नाही, हे तर आहेच. शिवाय मोटर ओढते तेव्हा लाइनीतला दाब उलटा होतो आणि जिथं पाइपाला चीर आहे तिथून बाहेरचं गटाराचं पाणी आत खेचलं जातं. ते तुमच्याच हौदात येतं. प्रेशर कमी असेल तर जमिनीच्या पातळीला किंवा त्याखाली छोटा हौद करून त्यात पाणी पडू द्या आणि तिथून मोटरनं वर चढवा.

चौथं काम: पाण्याला दुसरी पाळी द्या

माझ्या स्वयंपाकघरात ओट्याखाली बिनभोकाच्या दोन प्लॅस्टिकच्या टोपल्या आहेत, एक निळी आणि एक लाल. निळीत साबणाशिवायचं पाणी, लालमध्ये साबणाचं.

सकाळी तांदूळ धुतले, ते पाणी निळीत. मेथी निवडून धुतली, पहिलं मातीचं पाणी आणि दुसरं स्वच्छ, दोन्ही निळीत. मुलांच्या बाटल्यांमध्ये कालचं उरलेलं पाणी असतं, पावशेर-अर्धा लिटर. चार खोल्यांचं मिळून चार-पाच लिटर होतं, तेही निळीत. दुपारपर्यंत निळी भरते. ती तुळशीला, कढीपत्त्याला, गुलाबाला. झाडाला पाणी घालायला मी आता वेगळी तोटी सोडतच नाही.

भांडी तोटीखाली धुवू नका. खरकटं आधी कोरड्यानं काढा, कढईचं तूप-तेल जुन्या वर्तमानपत्रानं पुसा. आमच्या आजीच्या काळी राखेनं घासून तांब्याभर पाण्यात ताट लख्ख व्हायचं. राख आता कुठली, पण पद्धत तीच. घासून झालं की सगळी भांडी एका टोपल्यात बुचकळा, मग दुसऱ्या स्वच्छ टोपल्यात. दुसऱ्याचं पाणी पुढच्या वेळी पहिल्याला वापरा. कामाला येणाऱ्या मावशींना हे सांगताना हुकूम सोडू नका, टोपली आणून द्या आणि एक दिवस त्यांच्याबरोबर बसून घासा. त्यांच्या घरी पाणी तुमच्यापेक्षा कमी येतं, त्यांना पाण्याची किंमत शिकवायची गरज नसते. बेसिन आपणच असं बांधलेलं असतं की तोटी सोडल्याशिवाय भांडं धुता येत नाही.

लाल टोपलीतलं आणि मोरीतलं साबणाचं पाणी नाजूक झाडांना नको. कर्दळ, केळी, अळू यांना ते सोसतं. या तीन झाडांचा एक वाफा मोरीच्या तोंडाशी केला तर सांडपाणी रस्त्यावर जात नाही. वाफ्याला जागा नसेल आणि अंगण असेल तर शोषखड्डा घ्या. नांदेड जिल्ह्यात गावोगाव झालेले 'मॅजिक पिट' म्हणजे हेच. खड्ड्यात खाली मोठे दगड, मग खडी, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, तिच्यात पाणी पडतं, गाळ तळाशी राहतो आणि पाणी भोकांतून मुरतं. गटार तुंबत नाही, डास कमी होतात. मात्र विहीर किंवा बोअर जवळ असेल तर शोषखड्डा लांब घ्या.

आरओ मशिनचं वाया जाणारं पाणी हा वेगळाच ताप. एक लिटर शुद्ध पाण्यामागं दोन-तीन लिटर पाणी त्या बारक्या नळीतून मोरीत जातं. नळी कॅनमध्ये सोडा. ते पाणी फरशीला, संडासाला, भांड्यांच्या पहिल्या धुण्याला चालतं. झाडांना रोज घालू नका, त्यात क्षार दाटलेले असतात. माझी एक तुळस मी अशीच 'काटकसर' करून मारली. आणि आधी पाणी तपासून घ्या. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, ५०० च्या आत असेल तर साधारण आरओची गरजच नसते; साधा फिल्टर किंवा उकळून गाळून घेतलं तरी भागतं.

न्हाणी, संडास, कपडे

इथं फार बोलण्यासारखं नाही. शॉवर नको, बादली घ्या. गॅस गिझरचं गरम पाणी यायच्या आधी जे गार पाणी येतं ते बादलीत धरा, सोडू नका. जुन्या फ्लशच्या टाकीत एका वेळी दहा-बारा लिटर जातात; लिटरची बाटली पाण्यानं भरून, झाकण लावून त्या टाकीत उभी ठेवा, दर वेळी लिटरभर वाचतं. लघवीनंतर फ्लश ओढू नका, तांब्या-मग्ग्यानं काम होतं. वॉशिंग मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावू नका आणि तिचा शेवटच्या धुण्याचा पाइप टिपाडात सोडा. त्या पाण्यावर संडास दोन दिवस चालतो. पावडर कमी टाका. जास्त पावडर म्हणजे जास्त खळबळणं, आणि जड पाण्यात फेसावरून अंदाज घ्यायला गेलात तर फसता.

गळती शोधायची पद्धत

रात्री झोपताना सगळ्या तोट्या बंद करून टाकीतल्या पाण्याची पातळी खडूनं खुणावा. सकाळी कुणी उठायच्या आत बघा. पातळी उतरली असेल तर कुठंतरी झिरपतंय.

बहुतेक वेळा चोर फ्लशची टाकी असते, कारण तिथं गळणारं पाणी आवाज न करता भांड्याच्या कडेनं उतरतं आणि दिसत नाही. टाकीत चिमूटभर हळद किंवा खायचा रंग टाका, वीस मिनिटं फ्लश वापरू नका. भांड्यातलं पाणी पिवळं झालं तर आतलं रबर गेलं. ते स्वस्त असतं आणि बदलायला प्लंबर लागतोच असं नाही.

ठिबकणाऱ्या तोटीखाली तांब्या ठेवा आणि तो किती वेळात भरतो ते पाहा. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला वीसेक लिटर जातात, म्हणजे एका माणसाची अंघोळ. वायसर आणि टेफ्लॉन टेप घरात असूच द्या. आमच्याकडं आलेल्या एका प्लंबरनं आठ आण्याच्या वायसरऐवजी पूर्ण तोटी बदलायला लावली होती. तेव्हापासून पान्हा मी स्वतः हातात घेते.

उन्हाळा: कुलर, माठ, पाहुणे

मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि घरातला सगळ्यात तहानलेला प्राणी कुलर असतो. मोठा कुलर रात्रभरात तीस-चाळीस लिटर सहज पितो. तो बंद ठेवा असं मी म्हणणार नाही, रात्री झोप लागली पाहिजे. पण पाइप सोडून टीव्ही बघायला गेलं की कुलर भरून ओसरी भिजते, हे दर घरी घडतं. बादलीनं भरा. खिडकी थोडी उघडी ठेवा, बंद खोलीत कुलर नुसता दमट करतो आणि पाणी तेवढंच खातो. त्याच्या तळाचं खारट पाणी आठवड्याला काढून फरशीला वापरा.

पिण्याच्या पाण्याला माठ. खाली ताटली ठेवली की पाझरलेलं पाणी चिमण्यांना होतं.

पाहुण्याला पेला भरून पाणी द्यायची रीत कुठून आली कोण जाणे. माणूस दोन घोट घेतो, उरलेलं बेसिनमध्ये जातं. जुनी रीत तांब्या-भांड्याची होती: तांब्या झाकलेला, वर पालथं भांडं, ज्याला जेवढं पाहिजे तेवढं त्यानं ओतून घ्यावं. मी आता तेच करते. लग्नकार्यात अर्ध्या प्यायलेल्या बाटल्यांचा ढीग बघितला की मला मिरजेची गाडी आठवते.

डासांचं गणित

साठवलेल्या पाण्याची एक वाईट बाजू आहे आणि ती नव्या माणसाला कुणी सांगत नाही. डेंगीचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आमच्या नळाची पाळीही तेवढीच. म्हणजे आपण त्याच्या सोयीनंच पाणी साठवतो.

म्हणून प्रत्येक भांड्याला झाकण हवं, टिपाडाला जुन्या सुती साडीचा तुकडा रबरानं ताणून बांधला तरी चालतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, वर सांगितलेली आदल्या रात्रीची पद्धत पाळली तर तो आपोआप होतो. रिकामं टिपाड नुसतं उलटं करू नका, आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. उघडा हौद असेल तर नगरपालिकेच्या किंवा आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांना गप्पी मासे विचारा. पिण्याच्या पाण्यात क्लोरिनचं औषध टाकत असाल तर बाटलीवर लिहिलेत तेवढेच थेंब, आणि अर्धा तास थांबून मगच प्या.

मृगाच्या आधी: गच्ची

आता गच्चीवरचं पावसाचं पाणी धरायचं. भाड्याच्या घरात हे मालकाला विचारून करा; बरेच मालक खर्चही उचलतात, कारण बोअर त्यांचं असतं.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ६०० चौरस फुटांची गच्ची म्हणजे ५५ चौरस मीटरच्या जरा वर. २५ मिलिमीटरची एक चांगली सर आली तर, उडालेलं-सांडलेलं वजा जाता, अकराशे लिटर. हजाराची टाकी एका सरीत भरते! मराठवाड्यात पावसाळ्यात सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो कधी कमी, कधी एकदम पडतो, पण सरासरी वर्ष आलं तर त्या गच्चीवरून ३०,००० लिटर उतरतं. आणि ते आपण पन्हाळीतून रस्त्यावर सोडतो.

सुरुवात एका टिपाडापासून करा. पन्हाळीचा पाइप टिपाडात सोडा, तोंडाला जाळी लावा. पहिल्या एक-दोन सरी धूळ, पानं, पाखरांची घाण घेऊन येतात, त्या बाहेर जाऊ द्या. नंतरचं पाणी कपड्यांना इतकं सुंदर असतं की एकदा त्यात साडी धुतली की बोअरच्या पाण्याचा राग येतो. निम्म्या साबणात फेस होतो.

बोअरला पाणी द्यायचं असेल तर जरा सांभाळून. आपल्याकडचा खडक काळा बेसाल्ट. त्यात पाणी मातीसारखं सगळीकडं मुरत नाही, वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठतं. म्हणूनच एकाच्या बोअरला धार आणि शेजारच्याला सहाशे फुटांवरही धुरळा, असं होतं. गच्चीचं पाणी गाळून बोअरभोवतीच्या खड्ड्यात सोडलं तर या भेगांना मिळतं. गाळण साधी: एका टिपाडात खाली मोठी खडी, मग बारीक खडी, कोळसा, वर धुतलेली वाळू. मोरीचं किंवा अंगणातून वाहत आलेलं पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नका, गाळूनसुद्धा नाही. एकदा घाण खाली गेली की ती एकट्या तुमच्या बोअरमध्ये राहत नाही, भेगाभेगांनी शेजारी जाते.

वाळू दर वर्षी बाहेर काढून धुवावी लागते. मी ते काम मेच्या शेवटच्या रविवारी वरच्या मुलांकडून करून घेते, बदल्यात धपाटे आणि दही. गच्ची झाडून, पन्हाळीतली पानं काढून ७ जूनच्या आत सगळं तयार असतं. गेल्या वर्षी पाइपाच्या कोपऱ्यात चिमणीनं घरटं केलं होतं. पिल्लं उडेपर्यंत पाइप जोडता आला नाही आणि मृगाच्या दोन सरी रस्त्यावर गेल्या. यंदा मी एप्रिलमध्येच पाइपाच्या तोंडाला जाळी बसवली आणि चिमणीला शेजारी पुठ्ठ्याचा खोका टांगला. अजून तरी ती आलेली नाही.